पुढे वाकणे टाळा

सात म्हटल्यावर सारजाबाई खाली वाकली आणि आठ म्हटल्यावर वर आली नाही. निकम सरांनी पुन्हा एकदा आठ म्हटलं, जरा चढ्या आवाजात, कारण कवायत शिकवण्याच्या चौतीस वर्षांत आकड्याबरोबर जो वर येत नाही त्याचं लक्ष नाही, एवढाच अर्थ त्यांना ठाऊक होता. मग त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं. हॉलमध्ये दिवाण आणि टीव्ही यांच्या मधल्या जागेत ती हात पावलांपासून वीतभर वर ठेवून तशीच थांबली होती, फरशीवर पडलेली टाचणी शोधत असल्यासारखी. आवाज काही झाला नव्हता. पुढं कितीतरी दिवस सर मनानं त्या क्षणापाशी जाऊन कान देऊन यायचे, पण तिथं काहीच ऐकू यायचं नाही. गल्लीतून भंगारवाल्याची गाडी चालली होती, तिचा भोंगा तेवढा. "अहो," फरशीकडं बघतच सारजाबाई म्हणाली, "मला धरा बरं." ओरडली नाही, कळवळली नाही. सरांनी तिला धरलं. तिचा सगळा भार एकदम त्यांच्या हातांवर आला, आणि तेव्हा त्यांच्या मनात पहिला विचार कोणता आला असेल, तर अजून तेरा राहिलेत. ह्या विचाराची त्यांना नंतर इतकी लाज वाटली, की तो आपल्याला आलाच नव्हता असं स्वतःला पटवायचाही त्यांनी प्रयत्न करून पाहिला.

दवाखान्यात एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टरांनी पाठीच्या खालच्या भागातला एक मणका दाखवला. बाकीचे चौकोनी होते. हा पुढच्या बाजूनं दबून पाचरीसारखा झाला होता. "काय करताना झालं?" डॉक्टरांनी विचारलं. सरांनी तोंड उघडलं, पण शब्द जुळायच्या आत चाकाच्या खुर्चीतून सारजाबाई म्हणाली, "आज पाणी आलं व्हतं ना आमच्याकडं. बादली उचलली." डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. जिथं आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येतं तिथं बादलीवर कोण संशय घेणार? त्या दिवशी त्यांच्या हडको वसाहतीत पाण्याचा दिवस होता हेही खरंच होतं. फक्त पाणी सकाळी सहालाच येऊन गेलं होतं, आणि टाकी, पिंप, बादल्या, अगदी स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा सरांनी स्वतः भरली होती. सारजाबाईनं त्या सकाळी चहाच्या कपाहून जड काही उचललं नव्हतं. सर गप्प राहिले. आधी त्यांना वाटलं, दुखण्याच्या भरात ती काहीतरी बोलून गेली. मग वाटलं, परक्या माणसासमोर तिला खोटं कशाला पाडा. तोवर डॉक्टर पाठीला बांधायच्या पट्ट्याचं माप सांगू लागले होते, तीन महिने म्हणत होते, आणि जपा, एक मणका दबला की शेजारचा दबायला वेळ लागत नाही, असंही म्हणत होते. घरी आल्यावर नाशिकहून मुलीचा, प्रेरणाचा, फोन आला. ती आईला बादलीवरून इतकी रागावली की शेवटी रडायला लागली, आणि सर फोन धरून नुसते हं, हं करत राहिले. खरं सांगायची वेळ अशी दोनदा येऊन गेली.

हे सगळं सुरू झालं होतं मनगटापासून. दिवाळीच्या आधी सारजाबाई ओट्याजवळ घसरली, हात टेकला, आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड कसं मोडतं म्हणून डॉक्टरांनी हाडांची तपासणी करायला लावली. कागद आला, त्यावर मणक्यापुढं उणे तीन पूर्णांक दोन असा आकडा होता, म्हणजे हाडं ठिसूळ झाली होती. सरांना आकड्यांचं वावडं नव्हतं, पण उणे त्यांनी कधी कोणाला दिले नव्हते. त्यांच्या विषयात सगळ्यात ढ मुलालासुद्धा हजेरीचे पाच मार्क मिळायचे. डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी दिली, उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही अशी. रविवारी सकाळी गोळी घेऊन सारजाबाई ताठ बसायची आणि समोर सर घड्याळ घेऊन बसायचे. आणि मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट रूपाली यायला लागली. ती बजाजनगरची, वडील वाळूजला कंपनीत. आठवड्यातून दोनदा स्कूटीवरून येणारी, बारीक, बडबडी पोरगी. पहिल्याच दिवशी तिनं सारजाबाईचा हात हातात घेऊन सांगितलं, "काकू, हाड म्हणजे दगड नाही हां. जिवंत असतं ते. त्याला भार कळला ना, की ते हळूहळू भरतं." हे ऐकून सर खुर्चीत सरसावून बसले. जन्मभर ते हेच सांगत आले होते आणि कुणी ऐकत नव्हतं.

रूपालीनं एक कागद लिहून दिला. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या आणि हलक्या धक्क्यानं खाली टेकवायच्या. हात न लावता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. भिंतीला तळवे लावून ढकलायचं. पालथं झोपून छाती चार बोटं वर उचलायची. प्रत्येक दहा वेळा, आणि वर्षभरानं पुन्हा तपासणी. खाली लाल शाईनं तीन ओळी होत्या: पुढे वाकणे टाळा, कमरेतून वळणे टाळा, जमिनीवरून वजन उचलणे टाळा. सरांनी तो कागद वाचला नाही असं म्हणता येणार नाही. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि देव्हाऱ्याशेजारी भिंतीला चिकटवला. पण त्या लाल ओळींकडं पाहिल्यावर त्यांना जे आठवलं ते भलतंच होतं. वैजापूर तालुक्यातल्या शाळांत दर पावसाळ्यात आणि परीक्षेच्या तोंडावर मुलं पालकांच्या चिठ्ठ्या घेऊन यायची. माझ्या मुलास अशक्तपणा आहे तरी त्यास कवायतीतून सूट मिळावी. माझ्या मुलीचे पोट दुखते तरी तीस पळावयास लावू नये. सर त्या चिठ्ठ्या वाचायचे, घडी घालायचे, खिशात ठेवायचे आणि चिठ्ठी आणणाऱ्याला पहिल्या रांगेत उभं करायचे. महिन्याभरात तेच पोर सगळ्यांच्या पुढं पळायचं, असा त्यांचा अनुभव होता. निदान लक्षात राहिलेला अनुभव तसा होता. जी मुलं पळाली नाहीत ती त्यांच्या लक्षात नव्हती. टाळा ह्या शब्दाशी सरांचं असं जुनं वैर होतं, आणि बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीनं तो लाल शाईनं लिहिला म्हणून ते काही मिटणार नव्हतं.

पहिले दोन महिने त्यांनी कागदाप्रमाणेच करून घेतलं. दहाचे पंधरा केले, पंधराचे वीस. रूपाली म्हणाली, वा काका. सकाळी साडेआठला हॉलमधलं टेबल भिंतीला सरकायचं आणि सरांचा आवाज लागायचा. तो आवाज सात वर्षं बंद होता. निवृत्तीनंतर सर शहरात आले, सकाळी फिरायला बागेत जायला लागले, तिथल्या मंडळात एक निवृत्त बँकवाले सगळ्यांना हात वर करायला लावायचे आणि तेही चुकीचे. सरांनी दोनदा दुरुस्ती सुचवली. तिसऱ्या दिवशी त्यांना कोणी शेजारी उभं राहू दिलं नाही. मग ते घरी बसू लागले. पेपर वाचायचे, पेपरची घडी घालायचे. जेवताना भाजी वाढ म्हणायच्या ऐवजी ताट पुढं सरकवायचे. ज्या माणसानं सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या कवायतीत, तालुक्याच्या मैदानावर नऊशे मुलं एका आवाजात खाली वाकवली आणि एका आवाजात वर आणली, त्याला आता दूधवाल्याला हाक मारायची तर घसा खाकरावा लागायचा. आणि एके सकाळी, टाचा उचल, टाचा टेक असं म्हणता म्हणता, तो आवाज पोटातून वर आला. भिंतीवर आपटून परत आला. शेजारच्या गीताबाई दारातून डोकावून म्हणाल्या, "काय निकम सर, शाळा भरली का?" सर हसले. फार दिवसांनी हसले.

ओणवं होऊन अंगठ्याला हात लावणं हे त्यांनी त्यानंतरच्या आठवड्यात वाढवलं. त्याशिवाय कवायत ही कवायत वाटत नव्हती, अळणी वाटत होती, एवढंच खरं कारण होतं. पण स्वतःला त्यांनी सांगितलं, की भार कळला की हाड भरतं, तर मग हा भार काही कमी नाही. रूपालीला कळवायचं त्यांच्या मनात आलं नाही. प्रत्येक गोष्ट हेडमास्तरला विचारून करणाऱ्यातले ते कधीच नव्हते. पहिल्या दिवशी सारजाबाई त्यांच्याकडं क्षणभर नुसती बघत राहिली होती. हे बघणं आता, तिला पट्टा बांधून दिवाणावर टेकवून ठेवल्यावर, सरांना सारखं आठवायला लागलं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, कंटाळा करते. ते म्हणाले होते, "कमरेतून. गुडघे ताठ. एक." आणि ती वाकली होती. तेरा दिवस वाकली होती.

दुपारी घर शांत झालं, की सर समोरच्या खुर्चीत बसून झोपलेल्या बायकोकडं बघत राहायचे. पट्ट्यामुळं तिला धड कूस बदलता येत नसे. तिची उंची कमी झाली होती हे त्यांना आता दिसलं. साडीच्या निऱ्या फरशीवर लोळतात म्हणून ती वर्षभर कुरकुरत होती आणि ते म्हणत होते, साड्याच आता लांब यायला लागल्या. आयुष्यभर ही बाई वाकतच होती. लग्नात मांडवातल्या झाडून सगळ्यांच्या पाया पडली, तेव्हा कुणीतरी मोजायला पाहिजे होतं. मग सासरच्या शेतात कापूस वेचताना वाकली, कांदे काढताना सूर्य डोक्यावरून पलीकडं जाईपर्यंत वाकली, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात फरशी पुसताना वाकली. त्या प्रत्येक वाकण्यातून घरात काहीतरी आलं. कापूस आला, कांदा आला, प्रेरणाच्या शाळेची फी आली. आणि ज्या वाकण्यानं कोणाच्या पदरात काडी पडली नाही, जे नुसतं आपल्या आवाजाच्या हौसेसाठी होतं, नेमकं त्यानं तिला मोडलं. सरांना रडू येत नव्हतं. सांगायला पाहिजे, त्यांनी ठरवलं. रूपाली येईल तेव्हा तिला सांगायचं. तिनं चिडावं, चार शब्द सुनवावेत, वाटलं तर प्रेरणाला कळवावं. निदान ही गोष्ट आपल्या एकट्याच्या छातीवर राहणार नाही, आणि पुढचा व्यायाम ठरवताना त्या पोरीला खरं काय ते माहीत असेल.

रूपाली तीन आठवड्यांनी आली. चप्पल काढता काढताच तिचं सुरू झालं, "काय काकू आप भी! एवढं समजावलं होतं. बादली ठेवायची ना तशीच, काका होते की घरात." तिनं पट्टा तपासला, पायाची बोटं हलवायला सांगितली, तळव्याला गुदगुल्या करून संवेदना बघितली. मग म्हणाली, "घाबरायचं नाही. आता उठून बसायचं, उभं राहायचं, चार पावलं चालायचं. मग महिन्या-दोन महिन्यांनी आपले जुने चारही व्यायाम पुन्हा. ते तर तुमचे मस्तच चालले होते." सर देव्हाऱ्यापाशी उभे होते. त्यांनी हात मागं बांधले, आणि मग ते कोपरात एवढे दुखायला लागले की पुन्हा सोडले. "रूपाली," ते म्हणाले, "बादली नव्हती. मी तिला वाकायला लावलं. ओणवं. अंगठ्याला हात लावून. रोज वीस आकडे, तेरा दिवस. तुझा कागद वाचूनसुद्धा लावलं."

मग दिवाणावरून सारजाबाई हसली, अगदी सहज, पाहुण्यांसमोर नवऱ्याचा विसरभोळेपणा सांगताना बायका हसतात तशी. "कायबी सांगू लागले बघ हे. पोरी, तू नको मनावर घेऊ. माझं दुखणं बघवत नाय त्यांच्यानं, म्हणून सगळं सोत्यावर घेऊ लागले. रातच्याला बी असंच बडबडतेत."

"नाही, नाही," सर म्हणाले. "खरंच सांगतोय मी." ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेले. रोजच्या चौकटीत त्यांनी पेनानं खुणा केल्या होत्या, प्रत्येक व्यायामाची एक. शेवटच्या तेरा दिवसांच्या चौकटींत चारच्या ऐवजी पाच खुणा होत्या. त्यांनी कॅलेंडर काढून रूपालीपुढं धरलं. तिनं वाकून बघितलं. खुणा नुसत्या खुणा होत्या. पाचवी कशाची, हे तिच्यावर लिहिलेलं नव्हतं. एखाद्या दिवशी टाचा दोनदा केल्या असतील. रूपालीनं ते कॅलेंडर हळूच त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यांत राग कुठंच नव्हता. "काका," ती म्हणाली, "आमची आजी पडली ना, तेव्हा पप्पापण असेच म्हणत होते, माझ्यामुळं पडली, माझ्यामुळं पडली. ते ड्यूटीवर होते तेव्हा! असं होतं घरच्यांचं. स्वतःला दोष नका देऊ. आणि तुम्ही तर शिक्षक. लाल शाईनं लिहिलेलं तुम्ही मोडणार होय?" जाताना दारात थांबून ती म्हणाली, की तुमच्यासारखं मन लावून करून घेणारं माणूस मी एकाही घरात पाहिलं नाही. स्कूटी सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. सर दाराची कडी धरून उभे राहिले. ते आपली चिठ्ठी घेऊन गेले होते आणि तिनं घडी घालून परत त्यांच्याच खिशात ठेवली होती.

आत आल्यावर ते दिवाणाच्या कडेला बसले. "खोटं काहून बोललीस?" त्यांनी विचारलं. गावाकडची बोली त्यांच्या तोंडात फार वर्षांनी आली.

"खरं बोलून मणका सरळ व्हणार व्हता का?" सारजाबाई छताकडं बघत म्हणाली. "त्या पोरीनं पिरेरणाला फोन केला असता. पिरेरणा तुमच्याशी जन्मात धड बोलली नसती. आन मग मला उठवायचं, बसवायचं कुणी? तुम्हीच ना?" मग म्हणाली, "आन खोटं तरी किती. मला म्हाईतच व्हतं की."

"काय माहीत होतं?"

"वाकायचं नाय ते. तुम्ही दळण आणायला गेल्ते तवा त्या पोरीनं चित्र काढून दाखवलं. पुढं वाकलं की मणका पुढून चेपतो म्हणे. म्या इचारलं, देवापुढं बी नाय का? तर म्हणे, काकू, देवापुढं बी नाय. उभ्यानं हात जोडा."

सरांना देव्हाऱ्यापुढं उभी असलेली सारजाबाई आठवली. मणका दबायच्या आधीचे दोन-अडीच महिने ती डोकं टेकवत नव्हती, नुसते हात जोडून सरळ मागं फिरत होती. ते त्यांनी पाहिलं होतं आणि म्हातारपणी हिची भक्तीपण आळसावली, असं मनात म्हणून पेपर उलटला होता. "सारजा," ते म्हणाले, "देवापुढं नाही वाकलीस. मग माझ्यापुढं काहून वाकलीस?"

असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि तिनंही स्वतःला विचारला नसावा. "तुम्ही मोजू लागले व्हते ना," ती शेवटी म्हणाली. "सात वर्सं घरात आवाज नव्हता तुमचा. भाकर पायजे तर ताट सरकवायचे. मला वाटायचं, ह्या माणसाला काहीतरी झालं, आन ते आपल्याला सांगत नाय. मग ते एक, दोन सुरू झालं. लई खुशीत व्हते तुम्ही. म्हणलं, लागतंय तर लागू द्या थोडं." तिनं डोळे मिटले. "थोडंच लागंल वाटलं व्हतं."

सर बसून राहिले. तिच्यावर चिडावं तर कशासाठी, माफी मागावी तर ती तिनं आधीच देऊन टाकलेली, आणि ज्या आनंदात ते दोन महिने गेले होते तोही आता हातात धरवत नव्हता. पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली. उन्हाचा पट्टा फरशीवरून दिवाणाच्या पायापर्यंत सरकला. "मला मोरीकडं जायचंय," सारजाबाई म्हणाली. सरांनी रूपालीनं दाखवल्याप्रमाणे तिला आधी कुशीवर वळवलं, मग पाय खाली सोडले, मग खांद्याला आधार देत बसतं केलं. एक हात तिच्या काखेखाली घातला, दुसरा पट्ट्याला धरला. आता उभं राहायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आला आणि सरांनी तो मागं घेतला. इथून पुढं हिला आपण काही म्हणून सांगायचं नाही, असं त्यांना अगदी आतून वाटलं. "तू सांग," ते तिच्या कानाशी म्हणाले. "तुला वाटेल तेव्हा. तू म्हणशील तेव्हा उठू."

सारजाबाईनं मान हलवली. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, पाठ जमेल तेवढी ताठ केली आणि समोर बघत राहिली. सर थांबले. ती काही म्हणेना. तिचा श्वास त्यांच्या मनगटाला लागत होता, काखेखालचं हाड बोटांना पाखराच्या हाडाएवढं लागत होतं. "म्हण ना," सर पुटपुटले. ती पुन्हा मान हलवून तयार असल्याचं दाखवती झाली, आणि तशीच, गुडघ्यांवर हात ठेवून, त्यांनी उठ म्हणायची वाट बघत बसून राहिली.